साखरेशी ओळख (भाग ४) : सकाळच्या आकड्यापलीकडे

मधुमेहाचं निदान झालं की आठवड्याभरात घरात ग्लुकोमीटर येतो. पहिल्या संध्याकाळी सगळेच हौसेने बोट टोचून घेतात. आजोबांची, सुनेची, अगदी बारावीतल्या मुलाचीसुद्धा साखर मोजून होते. मग नव्याची नवलाई ओसरते आणि यंत्र एकाच माणसाचं उरतं. तो रोज सकाळी चहाआधी बोट टोचतो आणि डायरीत लिहितो : १३८, १४४, १३१. आकडा उतरला की दिवस बरा जातो. चढला की आदल्या रात्रीच्या कुठल्या तरी घासावर खापर फुटतं. डायरी भरत जाते, ताट मात्र होतं तसंच राहतं.

एका पट्टीला साधारण पंधरा ते तीस रुपये पडतात, म्हणजे ही सवय स्वस्त नाही. आणि तिच्यातून मिळतं फार थोडं. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात इन्सुलिन न घेणाऱ्या टाइप २ च्या ४५० रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींनी रोज एकदा घरी साखर मोजली, काहींनी अजिबात मोजली नाही. वर्ष संपलं तेव्हा दोघांच्या एचबीए१सीमध्ये, म्हणजे गेल्या काही महिन्यांच्या सरासरी साखरेच्या आकड्यात, दखल घ्यावी असा फरक नव्हता. या अभ्यासाचा हवाला देऊन काही डॉक्टर सांगतात, गोळ्यांवर असलेल्या माणसाने घरी मोजायचंच कशाला? मला हे अर्धंच पटतं. आकडा पाहून काय करायचं हे ठरलेलं नसेल तर पट्ट्या वाया जातात, हे खरं. पण ‘पोहे मला सोसतात का?’ असा नेमका प्रश्न मनात धरून मोजलं, तर एवढ्याशा यंत्राइतकं खरं उत्तर दुसरं कुणी देत नाही.

रिकाम्या पोटीची साखर निदानासाठी महत्त्वाची, हे मागे आलंच आहे : १२६ किंवा त्याहून अधिक, आणि तेही दोनदा. पण ती जेवणाबद्दल फारसं बोलत नाही. रात्री दुकान बंद झाल्यावर गल्ला मोजला, तर दुपारी किती गर्दी होती ते कसं कळणार? पहाटेच्या साखरेवर हुकमत असते ती यकृताची. आपण झोपेत असताना मेंदूला साखर लागतेच. ती यकृत सोडत राहतं. पहाटे तीन-चारनंतर कॉर्टिसॉल, ग्रोथ हॉर्मोन अशी संप्रेरकं वाढतात आणि यकृत थोडी जास्त साखर सोडतं. निरोगी माणसात इन्सुलिन तिला लगेच आवरतं, मधुमेहात तेवढं आवरत नाही. म्हणून ‘रात्री फक्त ताक घेतलं, तरी सकाळी १५०!’ ही तक्रार घरोघरी ऐकू येते. ती खोटी नसते आणि तो ताकाचा गुन्हाही नसतो. अशा वेळी माणसं रात्रीचं जेवण आणखी तोडतात. सकाळचा आकडा तिथेच राहतो, आणि अकरा वाजता भुकेने कासावीस होऊन हात फरसाणाच्या डब्यात जातो.

यंत्राकडून काही काढून घ्यायचं असेल तर जोडीने मोजावं. पहिला घास घेण्याआधी एकदा, आणि पहिल्या घासापासून बरोबर दोन तासांनी पुन्हा. जेवण आटोपल्यापासून दोन तास धरू नयेत; आपल्याकडे गप्पा मारत जेवण तासभर चालतं आणि सगळा हिशेब चुकतो. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनचं सर्वसाधारण उद्दिष्ट जेवणाआधी ८० ते १३० आणि नंतर १८० च्या आत असं आहे. ऐंशीच्या पुढच्या, एकट्या राहणाऱ्या माणसाला याहून सैल मर्यादा असते आणि गर्भवतीला याहून बरीच कडक, तेव्हा आपली मर्यादा डॉक्टरांकडून लिहून घ्यावी. जोडीतला फरक मात्र ज्याचा त्याने वाचायचा. आधी १२०, नंतर १५५ : हे जेवण चाललं. आधी १२०, नंतर २३० : आज ताटात काय होतं ते लिहून ठेवा. एका आठवड्यात एकच जेवण धरा. या आठवड्यात नाश्ता, पुढच्या आठवड्यात दुपार. तीन-चार जोड्या पुरतात, मग पट्ट्यांना विश्रांती.

हे जोडीने मोजणं रुग्णाच्या हाती कसं आलं, ती गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९६० च्या दशकापर्यंत घरी करण्यासारखी तपासणी म्हणजे लघवीची. परीक्षानळीत निळं बेनेडिक्ट द्रावण, त्यात काही थेंब, खाली स्पिरिटचा दिवा, आणि निळ्यापासून विटकरीपर्यंत बदलणारा रंग. लघवीत साखर उतरते ती रक्तातली साधारण १८० च्या वर गेल्यावर, त्यामुळे हा रंग नेहमी उशिराच बोलायचा. रक्तातली साखर मिनिटाभरात सांगणारं यंत्र एम्स कंपनीने काढलं, पण ते डॉक्टरांसाठी आणि दवाखान्यांसाठी. वजन सव्वा किलोच्या वर, किंमत सुमारे ६५० डॉलर. रिचर्ड बर्नस्टाइन या अमेरिकी इंजिनिअरला बाराव्या वर्षापासून टाइप १ मधुमेह होता. १९६९ मध्ये त्यांनी या यंत्राची जाहिरात पाहिली. रुग्णाला ते विकत मिळेना. पत्नी डॉक्टर, म्हणून तिच्या नावावर मागवलं. दिवसातून अनेकदा मोजून काय खाल्ल्यावर, किती इन्सुलिनवर साखर कशी वागते याची त्यांनी नोंद ठेवली. वैद्यकाने एका इंजिनिअरचं म्हणणं मनावर घेतलं नाही, तेव्हा पंचेचाळिशीत त्यांनी मेडिकल कॉलेजात प्रवेश घेतला. त्यांचा अगदी कमी कर्बोदकांचा आहार आपल्यापैकी अनेकांना झेपणार नाही आणि त्यावर तज्ज्ञांमध्ये वादही आहेत. पण आपल्या ताटाचा निकाल आपल्या रक्ताने द्यावा, हा हट्ट त्यांचाच.

यंत्रावर विश्वास ठेवायचा तोही माफक. १०० किंवा त्यापुढच्या साखरेला, १०० पैकी किमान ९५ वेळा आकडा प्रयोगशाळेच्या १५ टक्के इकडेतिकडे असावा, एवढीच अपेक्षा आंतरराष्ट्रीय मानकात आहे. म्हणजे १८० ची साखर १६० दिसू शकते आणि २०० सुद्धा. त्यामुळे १४२ आणि १४९ यांतल्या फरकावर घरात वाद घालू नका. आंबा कापून हात न धुता बोट टोचलं तर रसच मोजला जातो आणि आकडा धडकी भरवतो. साबणाने हात धुवा, नीट कोरडे करा, बोटाच्या टोकाला मधोमध न टोचता कडेला टोचा. तिथे कमी दुखतं. पट्ट्यांच्या डबीचं झाकण लगेच लावा. कोकणातल्या पावसाळ्यात उघडी राहिलेली डबी सरळ टाकून दिलेली बरी.

आता ताट. ‘भात बंद केला, भाकरी सुरू केली’ हे वाक्य निदानानंतर इतकं ऐकू येतं की तो जणू उपचाराचाच भाग. ज्वारी चांगलीच, तंतू जास्त, पोटाला आधार. पण हिशेब करू. ज्वारीत शंभर ग्रॅममागे सुमारे ६८ ग्रॅम कर्बोदकं असतात. मोठी भाकरी ऐंशी ग्रॅम पिठाची धरली तर एका भाकरीत ५४ ग्रॅम, दोन भाकऱ्यांत १०८. शिजलेल्या भाताच्या शंभर ग्रॅमच्या वाटीत सुमारे २८. म्हणजे भात सोडून दोन मोठ्या भाकऱ्या खाणारा माणूस चार वाट्या भाताच्या जवळपास जाऊन पोचला, तेही पथ्य पाळल्याच्या समाधानात. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीच्या २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आहारविषयक भागात हेच दिसलं : भारतीयांच्या उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के कर्बोदकांतून येतात, आणि पांढऱ्या तांदळाच्या जागी गहू किंवा भरडधान्याचं पीठ आणलं तरी एकूण कर्बोदकं तेवढीच राहिली तर धोका कमी झालेला दिसला नाही. फायदा दिसला तो कर्बोदकांतला काही वाटा डाळी, कडधान्यं, दूधदुभतं, अंडी, मासे यांना दिल्यावर.

मराठी स्वयंपाकघरात या वाट्याला तोटा नाही, फक्त तो वाटीच्या तळाशी असतो. उसळ दोन चमचे आणि पोळ्या चार, हे प्रमाण उलटं करता येतं. पिठलं एका भाकरीबरोबर पोटभर घेता येतं. पोह्यांत शेंगदाणे मूठभर आणि पोहे निम्मे, सोबत एक अंडं किंवा वाटीभर मोड आलेली मटकी. साबुदाण्याला मात्र माझ्याकडे कसलीच सवलत नाही. तो जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे, आणि दाण्याचं कूट त्याला थोडंफारच आवरतं.

जेवणाचा क्रमही मोजून पाहण्यासारखा आहे. न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयात अल्पना शुक्ला आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये तेच जेवण एकदा पाव-रस आधी आणि एकदा भाजी-प्रथिनं आधी असं दिलं. दुसऱ्या क्रमात जेवणानंतरची साखर बरीच कमी चढली. रुग्ण अवघे अकरा होते, म्हणून त्यावर फार इमले बांधू नयेत. पण आपल्या पंगतीची सुरुवातच वरणभाताच्या मुदीने होते. घरी चार दिवस कोशिंबीर आणि उसळ आधी, पोळी मग, भात सगळ्यात शेवटी असं करून बघायला एक पैसा लागत नाही, आणि जोडीचा आकडा दोन तासांत निवाडा देतो.

शतपावलीचंही तसंच. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातल्या संशोधकांनी टाइप २ च्या ४१ रुग्णांना काही दिवस एकदम अर्धा तास आणि काही दिवस प्रत्येक जेवणानंतर दहा मिनिटं चालायला लावलं. जेवणानंतरची साखर दुसऱ्या पद्धतीत सरासरी १२ टक्क्यांनी कमी, आणि रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्क्यांनी. सकाळी बागेत जाऊन येणारे बरेच जण रात्री मालिका लावून सोफ्यावर बसतात. बागेतलं चालणं चालू राहू द्या, पण आकड्यांचा कौल रात्रीच्या दहा मिनिटांना आहे.

आपल्याकडे गेली काही वर्षं दोन पंथ पडले आहेत. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवरून डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी लोकप्रिय केलेली दिवसातून दोनदाच, ५५ मिनिटांच्या आत जेवण्याची पद्धत एका बाजूला, आणि दर दोन तासांनी थोडं थोडं खाण्याचा सल्ला दुसऱ्या बाजूला. लग्नाच्या पंगतीतसुद्धा यावर हमरीतुमरी होते. मला या वादात बाजू घ्यायची नाही, कारण तुमच्या डायरीतल्या जोड्या तो तुमच्यापुरता मिटवतील. एक अट मात्र दोन्ही पंथांना लागू : आधी औषधाचं नाव बघा. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड अशा गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल आणि जेवण चुकलं, तर साखर ७० च्या खाली घसरू शकते. हात थरथरणं, घाम, धडधड, विनाकारण चिडचिड ही तिची लक्षणं. तेव्हा पट्टी शोधत बसण्याआधी तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी, पंधरा मिनिटांनी मोजावं, अजून कमी असेल तर पुन्हा तेच. नुसत्या मेटफॉर्मिनवर असणाऱ्याला हा धोका फार थोडा.

उपासाचा प्रश्न इथेच येतो. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ हे विनोदाने म्हटलं तरी खिचडी, बटाट्याची भाजी, रताळ्याचा कीस आणि वर केळं हे ताट दोन तासांनी मोजून पाहा. बहुतेकांना पुन्हा सांगावं लागत नाही. नवरात्राच्या कडक उपासाची अडचण उलटी आहे. वर सांगितलेल्या गोळ्या नेहमीच्याच मात्रेत आणि पोट रिकामं, यात साखर कोसळते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर निराहार राहण्याआधी डॉक्टरांना विचारलंच पाहिजे. त्या चालू असताना लंघन झालं तर साखर फार वाढलेली नसतानाही रक्तात कीटोन साचून जीवावर बेतू शकतं. देवीला चालेल तो बदल डॉक्टरांनाही चालतो का, हे घट बसण्याच्या आठवडाभर आधी विचारावं. आदल्या रात्री फोन करून उपयोग नाही.

या जोड्यांचा आणखी एक उपयोग असा की त्या एचबीए१सीवर पहारा ठेवतात. हा आकडा तांबड्या पेशींच्या सुमारे १२० दिवसांच्या आयुष्यावर उभा असतो, हे मागच्या भागात आलं. पेशीच लवकर मरत असतील तर आकडा खोटा कमी येतो. नंदुरबारमध्ये आणि गडचिरोलीसह विदर्भातल्या काही पट्ट्यांत सिकलसेल आजार आहे. तिथल्या रुग्णाचा एचबीए१सी ६ आला म्हणून निश्चिंत राहता येत नाही. उलट लोहाच्या कमतरतेने झालेल्या रक्तक्षयात, जो आपल्या घराघरांतल्या बायकांमध्ये आहे, तो खोटा जास्त येऊ शकतो. घरच्या जोड्या १५० च्या आसपास आणि अहवालात ८.५ असं विसंगत दिसलं, तर गोळी वाढवून घेण्याआधी हिमोग्लोबिन तपासलंय का ते विचारा. त्यासाठी डायरी दवाखान्यात नेताना सकाळच्या आकड्यांची रांग नको. जेवणाआधीचा, नंतरचा आणि ताटात काय होतं, अशा तीन रकान्यांचं एक पान पुरे. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागातही डॉक्टर एवढं पान वाचतात.

(पुढील आठवड्यात : मधुमेहात पायांची तपासणी घरी कशी करावी)