गवताचें दंताळें कसें असावें?

इ. स. २०१२-१३ च्या दुष्काळांत जालना जिल्ह्यांतील जनावरें छावण्यांत न्यावीं लागलीं, हें शेतकरी बंधू विसरले नसतील. चांगल्या वर्षीं माळावरचें गवत वाळवून गंजी घालणें हाच त्यावर उपाय होय. पवन्या, मारवेल वगैरे गवत फुलोऱ्यावर येतांच कापावें. पुढें काडी निबर होऊन कस उतरतो.

खडकाळ माळावर लोखंडी, अणकुचीदार दाते माती व खडे ओढतात, आणि मातकट चारा गुरें टाकतात. यास्तव लांकडी, बोथट दात्यांचें हलकें दंताळें घ्यावें. दांडा हनुवटीइतका उंच असावा, म्हणजे कंबर वांकत नाहीं. सकाळीं दंव उडतांच गवत ओढावें. भर उन्हांत ओढल्यास पानांचा चुरा जमिनीवर राहून हातीं नुसत्या काड्या येतात, आणि खरा कस तर पानांतच असतो.