थर्माकोलच्या साच्यातली भिंत

मे महिन्यात ग्वाल्हेरचा पारा 45 अंशांपुढे जातो आणि विटांच्या भिंती रात्रीही तापलेल्या राहतात. नवे घर बांधणाऱ्या सभासदांनी अमेरिका-कॅनडात रूढ असलेली एक पद्धत समजून घ्यावी. थर्माकोलचे पोकळ ठोकळे एकमेकांत बसवून आत सळ्या व काँक्रीट भरतात. एरवी शटरिंग काढतात. इथे साचा भिंतीतच राहतो. मध्ये साधारण 6 इंच काँक्रीट, दोन्ही बाजूंना सुमारे अडीच इंच थर्माकोल. त्यामुळे उष्णता व रस्त्यावरचा आवाज कमी येतो. थर्माकोल मात्र उघडे ठेवू नये, आगीचा धोका असतो. आतून-बाहेरून प्लास्टर हवेच. गच्चीही उन्हापासून झाकावी, नाहीतर भिंतींवरचा खर्च पुरता लागू पडत नाही. कर्ज घेण्यापूर्वी वाढीव हप्ता आणि वाचणारे वीजबिल शेजारी शेजारी मांडून पाहावे.