मोठं इम्प्लांट काढून लहान बसवताना

स्तनांत इम्प्लांट बसवलेली स्त्री काही वर्षांनी सर्जनकडे परत आली, की ‘काहीतरी बिघडलं असणार’ असाच सगळ्यांचा समज होतो. पण काहीही न बिघडता, केवळ माप नकोसं झालं म्हणून येणाऱ्याही बऱ्याच असतात. अमेरिकेतली टीव्ही कलाकार हायडी मॉन्टॅग हिचं उदाहरण गाजलेलं आहे. 2009 मध्ये एकाच दिवशी तिने दहा शस्त्रक्रिया करून घेतल्या आणि त्यात स्तनांचं मापही भरपूर वाढवलं. मान आणि पाठ इतकी दुखू लागली, की 2013 मध्ये तिने ती इम्प्लांट काढून लहान बसवून घेतली. वजनाचा हिशेब सरळ आहे. सिलिकॉन जेलचा एक सीसी जवळपास एक ग्रॅम भरतो. 600 सीसीची जोडी म्हणजे एक किलोहून जास्त ओझं, तेही झोपतानासुद्धा उतरवून ठेवता न येणारं.

‘मोठं काढायचं, त्याच जागी लहान सरकवायचं, पहिल्यापेक्षा सोपंच काम’ हा यातला सर्वांत घट्ट रुजलेला गैरसमज. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. शरीर कुठल्याही इम्प्लांटभोवती स्वतःचं एक पातळ तंतुमय आवरण तयार करतं. त्याला कॅप्सूल म्हणतात आणि आतल्या पोकळीला सर्जन ‘पॉकेट’ म्हणतात. 500 सीसीसाठी तयार झालेल्या या पॉकेटमध्ये 300 सीसीचं इम्प्लांट नुसतं ठेवून दिलं, तर ते जागेवर राहत नाही. आडवं झोपल्यावर काखेकडे घसरतं, उभं राहिल्यावर खाली उतरतं, कधी आतल्या आत उलटंही होतं. म्हणून आधी पॉकेट आवळावं लागतं. बाहेरच्या आणि खालच्या बाजूला कॅप्सूलच्या भिंतींना आतून टाके घालून जागा कमी करतात. कॅप्सूल त्या कामाची नसेल, तर जुनं पॉकेट बंद करून त्याच्या पुढे नवं पॉकेट तयार करावं लागतं. फारच पातळ झालेल्या ऊतींना काही वेळा आधाराची जाळी लावतात. पहिल्या ऑपरेशनमध्ये यातलं काहीच करावं लागलेलं नसतं.

शिवाय मोठ्या इम्प्लांटने मधल्या वर्षांत आपलं काम केलेलं असतं. सतत दाब पडून वरची त्वचा ताणली जाते, स्तनाची स्वतःची ऊती पातळ होते. इम्प्लांटच्या कडा बोटांना लागू लागतात, वळ्या दिसू लागतात. लहान इम्प्लांट बसवल्याने पुढचा ताण कमी होतो, पण विरलेली ऊती पूर्वीसारखी जाड होत नाही. पहिल्याच वेळी माप ठरवताना हे कुणीतरी ठासून सांगायला हवं. बहुतेक ठिकाणी तेव्हा चर्चा फक्त ‘कसं दिसेल’ याचीच होते.

दुसरा गोंधळ आकड्यांचा. ‘डी कपवरून सी कपवर यायचं आहे, किती सीसी कमी करू?’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही. कपचं माप ब्राच्या ब्रँडनुसार बदलतं आणि छातीच्या घेरावरही अवलंबून असतं. एका कपाचा फरक म्हणजे 150 ते 200 सीसी, हा नुसता ढोबळ अंदाज. रुंद छातीच्या स्त्रीत तेवढाच फरक कमी जाणवतो, अरुंद छातीच्या स्त्रीत जास्त. 50 सीसी म्हणजे जेमतेम सव्वातीन टेबलस्पून. एवढ्याच फरकासाठी पुन्हा भूल घ्यायची आणि वर निराशही व्हायचं, ही वेळ टाळता येण्यासारखी आहे.

नुसत्या सीसीवरून आकारही कळत नाही. 300 सीसीचं इम्प्लांट पसरट आणि बसकं असू शकतं, तसंच अरुंद आणि पुढे आलेलंही. त्यामुळे चांगला सर्जन आधी स्तनाच्या तळाची रुंदी सेंटिमीटरमध्ये मोजतो, चिमटीत धरून ऊतीची जाडी बघतो, स्तनाग्रापासून खालच्या घडीपर्यंतचं अंतर घेतो. अनेकदा तळाची रुंदी जवळपास तेवढीच ठेवून पुढचा उंचवटा कमी केला, की आकार आटोपशीर होतो आणि छातीच्या मधोमध उगाच मोठी फटही पडत नाही.

मोज्यात मोजून तांदूळ भरायचे आणि ते ब्रामध्ये ठेवून माप ठरवायचं, ही घरगुती युक्ती पहिल्या वेळी थोडीफार उपयोगी पडते. माप कमी करताना मात्र ती निरुपयोगी आहे, कारण अंगातलं इम्प्लांट घरी वजा करता येत नाही. मिठाच्या पाण्याचं इम्प्लांट असेल, तर काही सर्जन ते ओपीडीतच सुईने रिकामं करतात आणि काही आठवडे थांबतात. तेवढ्या काळात स्वतःचं किती उरलं आहे, हे त्या स्त्रीला आरशात दिसतं. सिलिकॉन जेलमध्ये ही सोय नाही. तिथे खरी परीक्षा ऑपरेशन टेबलावरच होते. जुनं इम्प्लांट काढल्यावर तात्पुरता ‘सायझर’ आत ठेवतात आणि टेबलाची पाठ उचलून भुलेतल्या रुग्णाला बसतं करतात. स्तन उभ्या अवस्थेत कसा पडतो, हे समोरून आणि दोन्ही बाजूंनी बघूनच माप पक्कं होतं.

बरं, ‘इम्प्लांट आत वाढलं’ असंही काही जणी म्हणतात. इम्प्लांट वाढत नाही. गर्भारपण, वाढलेलं वजन, रजोनिवृत्ती यांनी स्वतःचा स्तन वाढतो आणि दहा वर्षांपूर्वी बेताचं वाटलेलं माप जड होतं.

त्वचेबद्दल दोन टोकांचे समज आहेत. कुणाला वाटतं ती आपोआप आवळेल, कुणाला वाटतं स्तन उचलण्याचं ऑपरेशन करावंच लागेल. तरुण, लवचीक त्वचा आणि मापातला फरक थोडा असेल, तर बऱ्याचदा निभावतं. स्तनाग्र खालच्या घडीच्या खाली उतरलं असेल, तर उचलावंच लागतं. मग स्तनाग्राभोवती आणि त्याखाली उभा व्रण येतो. ऊती पातळ असताना इम्प्लांट बदलणं आणि स्तन उचलणं ही दोन्ही कामं एकदम केली, तर स्तनाग्राचा रक्तपुरवठा धोक्यात येऊ शकतो. म्हणून काही सर्जन ती दोन टप्प्यांत करतात आणि सिगारेट सोडल्याशिवाय टेबलावर घेतच नाहीत. ही अट जाचक वाटली तरी रास्तच आहे.

‘कॅप्सूल मुळासकट काढलीच पाहिजे’ हा समाजमाध्यमांनी पसरवलेला समज. इम्प्लांटशी निगडित लिम्फोमासारखा आजार असेल, तर अखंड काढणं गरजेचं असतं. निरोगी, पातळ कॅप्सूल मात्र फासळ्यांवरून खरवडून काढताना फुप्फुसाच्या आवरणाला इजा होण्याचा धोका असतो आणि टाके घालायला हवी असलेली भिंतही हातची जाते.

दर दहा वर्षांनी इम्प्लांट बदलायलाच हवं, हेही खरं नाही. 1962 मध्ये ह्यूस्टनला टिमी जीन लिंडसे हिला जगातली पहिली सिलिकॉन इम्प्लांट बसवली. 50 वर्षांनंतरही तीच तिच्या शरीरात होती. पण म्हणून ती जन्मभर टिकतातच असंही नाही. अमेरिकेची एफडीए संस्था इम्प्लांटला आयुष्यभराची वस्तू मानत नाही. सिलिकॉन इम्प्लांट असेल, तर पाच-सहा वर्षांनी पहिली आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी सोनोग्राफी किंवा एमआरआय करायला ती सांगते. अ‍ॅलर्गन कंपनीच्या सिलिकॉन इम्प्लांटच्या 10 वर्षांच्या अभ्यासात पहिल्यांदा इम्प्लांट बसवलेल्यांपैकी सुमारे 36 टक्के स्त्रियांवर पुन्हा ऑपरेशन करावं लागलं. जुनं बदलून नवं बसवलेल्यांत हे प्रमाण 46 टक्के होतं. म्हणजे मापबदलाचं ऑपरेशन शेवटचंच असेल, अशी खात्री कुणी देऊ नये. इम्प्लांट अजिबात न ठेवण्याचा पर्यायही त्याच बैठकीत विचारात घ्यावा.

खर्चाचंही आधीच बघावं. भारतात आरोग्य विमा केवळ सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेचे पैसे देत नाही. कर्करोग, भाजणं किंवा अपघातानंतरच्या पुनर्रचनेचा नियम वेगळा आहे.

पहिलं ऑपरेशन नुकतंच झालं असेल, तर घाई नको. सूज पूर्ण उतरून ऊती मऊ व्हायला महिने जातात, म्हणून बहुतेक सर्जन किमान सहा महिने थांबायला सांगतात. भेटीला जाताना इम्प्लांटचं कार्ड आणि जुन्या ऑपरेशनची टिपणं बरोबर न्यावीत. कंपनी, माप, अनुक्रमांक आणि इम्प्लांट स्नायूच्या वर आहे की खाली, हे सगळं त्यात मिळतं. कार्ड हरवलं असेल, तर सोनोग्राफीवरून नेमके सीसी कळत नाहीत. बऱ्याचदा इम्प्लांट बाहेर काढल्यावर त्याच्या पाठीवर उठवलेला आकडा वाचूनच जुनं माप समजतं. अशा वेळी सर्जनने लहान-मोठ्या तीन-चार मापांची इम्प्लांट आधीच थिएटरमध्ये मागवून ठेवली आहेत ना, हे भूल घेण्याआधी विचारून घ्यावं.