स्तन लहान करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर घरी

मान, खांदे, पाठ वर्षानुवर्षं भरून येणाऱ्या बाईसाठी ही शस्त्रक्रिया म्हणजे हौस नव्हे. धाराशिवकडच्या बाईला त्यासाठी सोलापूर किंवा पुणे गाठावं लागलं, तर परतताना गाडीचे हादरे बसतात; छातीशी मऊ उशी धरावी.

सुरुवातीचे आठवडे पाठीखाली उशा घेऊन उताणं झोपावं. डॉक्टरांनी दिलेली आधाराची ब्रा साधारण ४ ते ६ आठवडे रात्रंदिवस घालावी. घरातल्या घरात मात्र चालत राहावं, नाहीतर पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो.

खरी अडचण पाण्याची. नळाला पाणी आलं की बाईचा हात आपसूक घागरीकडे जातो. १५ लिटरची घागर म्हणजे १५ किलो, शिवाय भांड्याचं वजन. ती उचलली तर टाके उसवू शकतात. साधारण ६ आठवडे घागर नको, पोर कडेवर नको, उंच दोरीवर धुणं घालणं नको. हे तिच्यापेक्षा घरच्यांनी ऐकायला हवं.

मिश्री शस्त्रक्रियेच्या आधीपासूनच बंद हवी. त्यातल्या निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात आणि जखम नीट भरत नाही. उन्हाळ्यात स्तनाखालच्या घडीत घाम साचतो. ती कोरडी ठेवावी, टाक्यांवर हळद लावू नये.

ताप, पू, एकाच बाजूला झपाट्याने वाढणारी सूज, काळपटलेलं स्तनाग्र, पोटरीत दुखणं यांपैकी काही दिसलं तर लगेच डॉक्टरांना फोन करावा. धाप लागली तर थेट १०८ ला. वण फिके व्हायला वर्षभर लागू शकतं.