आजोबा नेमके कुठल्या पलटणीत?

सांगशाकची लढाई आज नाही. मार्च १९४४ मध्ये त्या डोंगरमाथ्यावर ५० पॅराशूट ब्रिगेडच्या जोडीला आपली ४/५ मराठा कशी अडकली, पाणी संपत आलं तरी कशी टिकली, ते मी अर्ध्यावर सोडलंय हे लक्षात आहे. ते पुढच्या आठवड्यात. मधेच खारबावहून एक पत्र आलं, आणि त्यातला प्रश्न असा आहे की त्याला दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं होणं मला जमणार नाही.

पत्र लिहिणाऱ्याचे आजोबा मूळचे चिपळूणकडचे. फौजेतून सुटल्यावर भिवंडीत यंत्रमागाच्या कारखान्यात पहाऱ्याला लागले, मग खारबावात घर केलं. घरात सगळे म्हणत, ‘आजोबा मराठा पलटणीत होते.’ आता ट्रंकेतून डिस्चार्ज बुक निघालं, तर त्यावर पॅराशूट रेजिमेंट. सोबत एक कृष्णधवल फोटो, त्यात टोपीच्या बिल्ल्यावर उघडी छत्री आणि पंख. नातू विचारतो: दोन्ही खरं कसं? आणि त्यांच्याबरोबरचं कोणी हयात असेल तर शोधायचं कसं?

दोन्ही खरं आहे. आजोबांची पलटण उभी राहिली १७९७ साली. पुढे ती ११०वी मराठा झाली, मग तिसरी बटालियन, पाचवी मराठा. १९४१ मध्ये एरिट्रियातल्या केरेनच्या कड्यांवर लढली ती हीच. माणगावजवळच्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत एकट्याने मशीनगनच्या मोर्चावर चालून गेले आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवून गेले, तेही याच पलटणीचे. युद्ध संपल्यावर हिला छत्रीचं शिक्षण मिळालं. मार्च १९४८ मध्ये काश्मीरच्या युद्धात झांगर परत घेतलं तेव्हा ती ब्रिगेडियर उस्मान यांच्या ५० पॅरा ब्रिगेडमध्ये होती. पॅराशूट रेजिमेंट वेगळी उभारली गेली १५ एप्रिल १९५२ रोजी, आणि तीन जुन्या पलटणी तिच्यात गेल्या: पंजाब, मराठा, कुमाऊँ. मराठ्यांच्या वाट्याला दुसरा नंबर आला. कागदावर ती ‘२ पॅरा (मराठा)’ झाली. माणसं मात्र तीच राहिली, साताऱ्या-सांगलीची, कोल्हापूर-रत्नागिरीची. पलटणीत बोली मराठी, घोषणा ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’. असा माणूस घरी येऊन ‘मी मराठा पलटणीत’ म्हणणार नाही तर काय म्हणणार?

फोटोबद्दल सांगतो. बिल्ला नीट पाहा. उघडी छत्री, तिच्यापुढे दोन पंख आणि मधे उभा खंजीर असेल तर तो पॅराशूट रेजिमेंटचा. टोपीचा मरून रंग कृष्णधवल फोटोत कळत नाही, म्हणून घोटाळा होतो. उजव्या खिशाच्या वर पंखांचं चिन्ह दिसलं तर आग्र्याला पाच उड्या मारून, त्यातली एक रात्रीची, ते कमावलेलं आहे. आणि मेडलं घरात असतील तर ती पुसून ठेवण्याआधी भिंग घेऊन बसा. संग्राम मेडलच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि युनिट कोरलेलं असतं. पूर्वी स्टार असेल तर आजोबा १९७१ मध्ये पूर्व आघाडीवर होते.

त्यांचं डिस्चार्ज बुक १९७४ चं आहे. म्हणजे १९७१ मध्ये ते पलटणीतच होते, आणि २ पॅराचं १९७१ म्हणजे बांगलादेशातलं टांगाईल. या लेखमालेत टांगाईल खरं तर शेवटी यायचं होतं.

११ डिसेंबर १९७१. त्याच सकाळी जमालपूर पडलं होतं. तिथल्या पाकिस्तानी कर्नल सुलतान यांना ब्रिगेडियर क्लेर यांनी शरण येण्याचं पत्र धाडलं, तेव्हा त्यांनी उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली होती. आता उत्तरेकडची सगळी पाकिस्तानी ९३ ब्रिगेड ढाक्याकडे मागे सरकत होती आणि तिची वाट टांगाईलच्या उत्तरेला पुंगलीच्या पुलावरून जात होती. तो पूल घ्यायचा आणि वाट बंद करायची, एवढं काम २ पॅराला. कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू. डमडम आणि कलाईकुंड्याहून डकोटा, पॅकेट आणि एएन-१२ विमानं निघाली आणि दुपार कलता कलता पलटण टांगाईलजवळच्या शेतांत उतरली. भारतीय फौजेने अख्खी पलटण लढाईत विमानातून उतरवली ती ही पहिलीच वेळ. खाली कादर सिद्दिकींची मुक्तिवाहिनी होती. गावकऱ्यांनी दारूगोळ्याचे गठ्ठे डोक्यावर घेऊन पोचवले. रात्र पडता पडता पूल हातात आला, आणि मग रात्रभर उत्तरेकडून गाड्यांचे तांडे येत राहिले, पुलाशी येऊन आदळत राहिले.

इथे छत्रीवाल्यांच्या लढाईची एक गोष्ट समजून घेतली पाहिजे, कारण नातवाच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिच्यातच आहे. पायदळाची पलटण चालत जाते, तेव्हा प्रत्येकाला डावा-उजवा दिसतो. छत्रीवाला विमानाच्या दारातून बाहेर पडतो तो एकटा. एका विमानातून एकामागून एक उड्या मारणाऱ्यांच्या रांगेला स्टिक म्हणतात. रांगेतला तुमचा नंबर ठरलेला, पुढच्याचा हुक तुम्ही तपासायचा, तुमचा मागच्याने. हिरवा दिवा लागला की काही सेकंदांत सगळी रांग बाहेर. पण त्या काही सेकंदांत विमान बरंच पुढे गेलेलं असतं. पहिला आणि शेवटचा यांच्यात शेतंच्या शेतं पडतात, वारा असेल तर गावं. टांगाईललाही काही जण ठरल्या जागेपासून बरेच दूर पडले. म्हणून पुंगलीची संपूर्ण लढाई पाहिलेला एकही माणूस नव्हता. कुणी पुलाच्या उत्तर टोकाला, कुणी बांधाआड, कुणी गठ्ठे शोधत अंधारात. प्रत्येकाजवळ आपापला तुकडा.

वर्षानुवर्षं या माणसांशी बोलून माझं मत पक्कं झालंय. हे जवान म्हातारपणी एकमेकांना शोधतात त्यात प्रेम आहेच, पण त्यांना ती रात्र पुरी करायची असते. ‘माझ्यापुढचा तीन नंबर खाली पडल्यावर कुठे गेला?’ हा प्रश्न पन्नास वर्षं मनात घेऊन बसलेला माणूस मी पाहिलाय. अंतर्देशीय पत्रांच्या काळात तो उत्तर मिळवू शकला नाही. व्हॉट्सअ‍ॅप आल्यावर मिळालं: तीन नंबर सांगली जिल्ह्यात होता, रोज विटा-तासगाव भागात फिरत होता. त्या दोघांनी मग फोनवर तासन्तास फक्त एका ओढ्याची जागा ठरवली. त्यांच्या सुनांना यात काय मोठं ते कळत नव्हतं. मला फार मोठं वाटलं, कारण त्या ओढ्याची जागा कुठल्याही पुस्तकात नाही.

हॉलंडमधल्या आर्नेमची तुलना इथे अपरिहार्य आहे. सप्टेंबर १९४४ मध्ये ब्रिटिशांच्याही दुसऱ्या पॅराशूट पलटणीने जॉन फ्रॉस्ट यांच्या हाताखाली पुलाचं उत्तर टोक धरलं. त्यांना येऊन मिळणारी फौज पोचलीच नाही. तरी तिथली गोष्ट आज बारीकसारीक तपशिलांसह ठाऊक आहे, कारण १९४५ पासून ते जवान दरवर्षी ओस्टरबेकच्या स्मशानभूमीत जमत आले आणि गावची शाळकरी मुलं प्रत्येक कबरीवर फूल ठेवत आली. जमत राहिले म्हणून तुकडे जुळत राहिले.

आपल्याकडे येऊन मिळणारी फौज पोचली. १२ डिसेंबरच्या संध्याकाळी उत्तरेकडून पुंगलीला पोचली ती १ मराठा, म्हणजे जंगी पलटण. पुलावर उभे असलेले मराठे, चालून आलेलेही मराठे. बेळगावच्या एकाच रेजिमेंटमध्ये मुळं असलेल्या दोन पलटणी बंगालमध्ये एका पुलावर भेटल्या. कुणा गावच्याला कुणी गावचा भेटला असणारच. इंग्रजी पुस्तकांत या भेटीला एक वाक्य मिळतं. तिथून पुढे २ पॅरा ढाक्याकडे निघाली. १६ डिसेंबरच्या सकाळी मीरपूरच्या पुलावरून आपल्या जनरल नागरा यांची चिठ्ठी पाकिस्तानी सेनापती नियाझींकडे गेली, ती नेणाऱ्यांत २ पॅराचे अ‍ॅड्ज्युटंट कॅप्टन निर्भय शर्मा होते, जे पुढे अरुणाचल आणि मिझोरमचे राज्यपाल झाले. आणि ढाक्यात पहिलं पाऊल टाकलं तेही या पलटणीने. उतरलेल्या जवानांचा आकडा परदेशी वृत्तपत्रांनी पाच हजार छापला, कारण सरकारने दिलेला फोटो आग्र्याच्या जुन्या सरावाचा होता, त्यात आभाळ छत्र्यांनी भरलेलं. खरी संख्या हजाराच्याही आत होती. आजोबा त्या थोड्यांपैकी एक.

आता शोधायचं कसं. आधी डिस्चार्ज बुकातला नंबर आणि पेन्शनचा पीपीओ नंबर एका कागदावर लिहून घ्या. फौजेत माणूस नंबराने सापडतो, नावाने नाही. तो घेऊन ठाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. पलटणीचे रेकॉर्ड बेंगळुरूला पॅराशूट रेजिमेंटच्या ट्रेनिंग सेंटरकडे, तिथे लेखी अर्ज करता येतो. नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यायला बँकेत माजी सैनिकांची रांग लागते. त्या रांगेत ‘२ पॅरा, एकाहत्तर’ एवढं म्हणून पाहा, कुणीतरी वळतोच. ४ फेब्रुवारीला मराठा रेजिमेंटचा दिवस असतो, तानाजींनी कोंढाणा घेतल्याचा. २ पॅराचे जुने जवान आजही त्याला आपला दिवस मानतात. जे परत आले नाहीत त्यांची नावं दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात त्याग चक्राच्या ग्रॅनाइटच्या विटांवर आहेत, हुद्दा आणि रेजिमेंटसह. आजोबांच्या तोंडी एखादं नाव वारंवार येत असे का, हे आजीला विचारा. आणि विचाराल तेव्हा वही जवळ ठेवा.

आजोबा २०११ मध्ये गेले, असं पत्रात आहे. त्यांचा तुकडा त्यांच्याबरोबर गेला असं मी धरून चालणार नाही. पत्राबरोबर आलेल्या फोटोत आठ जण आहेत, मागे विमानाचं शेपूट दिसतंय, दोन दांड्यांचं, म्हणजे ते पॅकेट असावं. ही एका स्टिकची माणसं असू शकतात. फोटोच्या पाठीवर पेन्सिलने गावांची नावं आहेत, माणसांची नाहीत: खटाव, शिराळा, लांजा, आजरा, गुहागर, चंदगड, पाटण. आठवं गाव पुसलंय. या गावांकडच्या वाचकांनी घरातला १९७१ चा फोटो काढून पाहावा. तसाच फोटो असेल तर मला कळवा, खारबावला मी कळवतो. जंगी पलटणीतले कोणी १२ डिसेंबरच्या संध्याकाळी त्या पुलावर असतील, तर त्यांच्या घरच्यांनीही लिहावं. सांगशाक पुढच्या आठवड्यात, चर्चच्या टेकडीपासून.