बेसूर गिटारचे निदान

१९५४ साली अमेरिकेत लिओ फेंडर यांच्या कारखान्यातून ‘स्ट्रॅटोकास्टर’ ही विद्युत्-गिटार बाहेर पडली. तिच्या घोडीला एक दांडी जोडलेली असते. दांडी दाबली की घोडी पुढे कलते, सहाही तारा सैल होतात व स्वर उतरतो. सोडली की तो पूर्वस्थानी यावा, अशी अपेक्षा असते. पुष्कळदा तो येत नाही. वादक मग खुंट्या पिळू लागतो आणि वाद्य अधिकच बेसूर होते. असे का व्हावे?

ही घोडी तराजूसारखी तोललेली असते. एकीकडून तिला तारा ओढतात, दुसरीकडून गिटारच्या पोटातील स्प्रिंगा. एक तार चढविली की घोडी किंचित कलते आणि उरलेल्या पाच उतरतात. म्हणून सर्व तारा पुनःपुन्हा, थोड्या थोड्या लावाव्या लागतात. ताण शेकडा २ ने बदलला तरी कंपसंख्या शेकडा १ ने बदलते, आणि तेवढा फरक कानाला खटकतो.

तोल साधूनही स्वर ढळत असेल, तर घर्षणाचा संशय घ्यावा. दांडी दाबली असता तार खुंटीकडे किंचित सरकते. खुंट्यांजवळील पट्टीच्या खाचेत ती अडकली, तर पूर्ण परतत नाही. तिचा ताण वाढलेला राहतो व स्वर चढा लागतो. अशा वेळी खाचेत शिसपेन्सिलीची पूड घालावी. त्यातील ग्राफाइट हे कोरडे वंगण होय. स्वर उतरलेला लागल्यास मात्र तार नवी असून अद्याप ताणली जात आहे काय, किंवा खुंटीवरील वेढे सैल आहेत काय, हे पाहावे.

खुंटीला हात लावण्यापूर्वी स्वर चढला की उतरला, हे कानाने ठरवावे. दोषाचे स्थान त्यावरूनच कळते.