दारात टेम्पो उभा राहीपर्यंत

मे महिना लागला की दौंडच्या रेल्वे वसाहतीत आणि राज्य राखीव पोलीस बलाच्या क्वार्टर्समध्ये बायकांच्या बोलण्यात एकच विषय असतो, बदली. दौंड हे मुंबई-चेन्नई मार्गावरचं जंक्शन आहे. इथून एक फाटा मनमाडला जातो, एक बारामतीला. पोलीस बलाचे गट क्रमांक 5 आणि 7 इथेच आहेत. त्यामुळे आज ना उद्या गाव सोडायचंच आहे अशी कितीतरी कुटुंबं या एका गावात राहतात. आदेश हातात पडला की आधी सामानाकडे नजर जाते. प्लायवूडचा दिवाण, मुलीची लहानपणीची सायकल, शोकेस, दोन उन्हाळे चाललेला कूलर. नव्या क्वार्टरमध्ये हे बसेल का, आणि न्यायचं ठरवलं तर ट्रकचं भाडं वस्तूच्या किमतीपेक्षा जास्त होईल का?

शिरूर तालुक्यात हाच प्रश्न वेगळ्या वाटेने येतो. रांजणगाव एमआयडीसीत काम करणारी मुलं कारेगावात, रांजणगाव गणपतीत खोली घेऊन राहतात. चौघांत मिळून फ्रिज घेतात, गाद्या घेतात. करार संपला किंवा दुसरीकडे काम लागलं की महिनाअखेरीला खोली रिकामी करायची असते. त्यांच्याकडे विकायला फार तर आठवडा असतो.

जुनं सामान पैशात वळवणं या भागाला नवीन नाही. तांब्या-पितळेची भांडी मोडीत घालून नवं पातेलं आणणं, जुन्या साड्या देऊन बोहारणीकडून स्टीलचा डबा घेणं, उरलेलं भंगारवाल्याला वजनावर देणं, हे घरोघर चालत आलंय. पण मोडीत धातूचा भाव मिळतो, वस्तूचा नाही. चालू स्थितीतलं शिलाई मशीन भंगारात गेलं की ते फक्त लोखंड असतं. फोनवरच्या बाजाराने बदललं ते हे. ओएलएक्स 2006 साली सुरू झालं, फेसबुकचं मार्केटप्लेस त्यानंतर दहा वर्षांनी, 2016 मध्ये. तालुक्याच्या गावात त्यांच्या जोडीला व्हॉट्सॲपचे स्थानिक खरेदी-विक्री ग्रुपही चालतात. आता त्याच मशीनला शिवणकाम शिकणारं गिऱ्हाईक भेटतं आणि मशीनला मशीनचा भाव मिळतो. घरात शिल्लक पडणाऱ्या त्या पैशाचं मोल ज्या घराला ठाऊक असतं, तेच घर या कामात चिकाटी धरतं.

आणि हे कामच आहे. बहुतेक घरांत ते बाईकडे येतं, स्वयंपाक आणि शाळेच्या वेळा सांभाळून.

सुरुवात पुसण्यापासून होते. फ्रिजच्या दाराचं रबर सोड्याच्या पाण्याने घासायचं, कूलरच्या गवताच्या जाळ्या बदलायच्या, मिक्सरच्या भांड्यांखालचा काळा थर काढायचा. मग फोटो. ट्यूबलाइटखाली काढलेल्या फोटोत पांढरा फ्रिज पिवळट दिसतो, म्हणून सकाळच्या उजेडात दार उघडून काढायचे. समोरून एक, आतून एक, मागून एक, आणि कंपनीच्या पट्टीचा एक, ज्यावर मॉडेल आणि साल वाचता येतं. जिथे पोचा आहे तिथला फोटो आवर्जून टाकायचा. नवख्या विक्रेत्याला हे पटत नाही. दोष दाखवला तर कोण घेणार, असं वाटतं. पण पोचा लपवला तर गिऱ्हाईक दारात आल्यावर तो बघतं आणि तिथून भाव पाडायला लागतं. आधीच सांगितलेल्या दोषावर घासाघीस करायला जागा राहत नाही. लांबून येणाऱ्या माणसाच्या पेट्रोलचा विचार करणं हा साधा प्रामाणिकपणा आहे, आणि तो विक्रीलाही उपयोगी पडतो.

वेळेचंही गणित आहे. कूलर फेब्रुवारी-मार्चमध्ये काढावा. जूनमध्ये पाऊस आला की त्याला कोणी विचारत नाही. सायकल आणि अभ्यासाचं टेबल शाळा उघडण्याच्या तोंडावर जातं. पितृपक्षात वस्तू घरी आणायला अनेक जण तयार नसतात, आणि दसरा-दिवाळीला सगळेच जुनं काढायला बसतात, म्हणून भाव पडतो. बोअरच्या जड पाण्यावर चाललेलं वॉशिंग मशीन किंवा गिझर असेल तर जाणता माणूस आधी क्षार किती धरलाय ते विचारतो.

जाहिरात पडली की फोन वाजायला लागतो. पहिला प्रश्न, "आहे का?" दुसरा, "शेवटचं किती?" वस्तू न बघताच शेवटचं विचारणाऱ्याला सरावलेली बाई एकच उत्तर देते, "दादा, येऊन बघा, मग बोलू." सूट किती द्यायची ते तिने मनात आधीच ठरवलेलं असतं. साडेसहा हजार लिहिले असतील तर साडेपाचच्या खाली जायचं नाही, आणि हे घरात सगळ्यांना माहीत हवं. नाहीतर ती फोनवर सहा सांगते आणि दारात नवरा पाच सांगून मोकळा होतो.

पुणे शहरात आणि इथे खरा फरक पडतो तो अंतरामुळे. ॲप "जवळपास" म्हणून जे दाखवतं ते नकाशावरचं वर्तुळ असतं. शिरूरच्या गिऱ्हाइकाला दौंडचा दिवाण त्या वर्तुळात दिसतो, पण मध्ये भीमा आहे. शिरूरला रेल्वे नाही. न्हावरे, पारगावचा पूल, चौफुला, असं फिरत यावं लागतं. जाऊन येऊन छोटा हत्ती टेम्पोचं भाडं धरलं तर तीन हजारांचा दिवाण परवडत नाही. तीच गोष्ट पुण्याची. पुण्यात मागणी जास्त, भाव बरा, पण शिरूरहून साठ-सत्तर किलोमीटर आणि दौंडहून त्याहून थोडं जास्त. म्हणून इथल्या वस्तूंची सरळ विभागणी होते. मोबाइल, कॅमेरा, मिक्सर, स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांचा गठ्ठा, म्हणजे पिशवीत मावेल ते दौंड-पुणे लोकलने पुण्याला जाऊ शकतं. कपाट, दिवाण, फ्रिज आपल्याच गावात किंवा चार-दोन गावं पलीकडे जातात. त्यांचा भाव रिक्षा-टेम्पोवाल्याला विचारल्याशिवाय ठरवूच नये.

रांजणगावच्या फ्रिजची गोष्ट आणखी वेगळी. एलजी, व्हर्लपूल, हायर, तिघांचेही कारखाने इथे आहेत. त्यामुळे जुना फ्रिज बघायला येणारा मुलगा तो बनवणाऱ्यांपैकीही असू शकतो. अशी नजर असलेलं गिऱ्हाईक रंगाकडे बघत नाही. दारात दहाची नोट धरून दार लावतं आणि नोट ओढतं. सहज निघाली तर रबर सैल. मग मागे कान लावून कॉम्प्रेसरचा आवाज ऐकतं. म्हणून विकणाऱ्याने फ्रिज किमान आदल्या रात्रीपासून चालू ठेवावा, बर्फाचा ट्रे भरून ठेवावा. नेताना तो उभाच न्यायचा. आडवा केला तर कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांमध्ये उतरतं, आणि नव्या घरी लगेच बटण दाबलं तर मशीन जायची भीती असते. काही तास उभा ठेवून मगच चालू करायचा. हे गिऱ्हाइकाला विकणाऱ्याने सांगायलाच हवं. पैसे हातात आले म्हणून ही जबाबदारी संपत नाही.

पैशांचं मात्र नीट सांगायला हवं, कारण इथे घरं फसली आहेत. 2016 साली यूपीआय आलं आणि व्यवहार सोपा झाला, तसा नवा धोकाही आला. पद्धत ठरलेली आहे. वस्तू न बघता, भाव न करता एक जण लगेच तयार होतो. आपण लष्करात आहोत, बदली झाली आहे, असं सांगतो, ओळखपत्राचा फोटो पाठवतो. मग "पैसे पाठवतोय, हा क्यूआर कोड स्कॅन करा आणि पिन टाका." दौंडसारख्या गावात, जिथे शेजारीपाजारी गणवेशातली माणसं राहतात, तिथे हे बोलणं चटकन खरं वाटतं. पण पैसे घेताना पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात. तसं झालंच तर 1930 या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा. जितका उशीर, तितकी रक्कम अडवणं अवघड. व्यवहार दिवसा करावा, घरात आणखी कोणी असताना करावा, आणि पैसे आल्याचा मेसेज न बघता आपल्या बँकेच्या खात्यातली शिल्लक बघावी.

काही वस्तूंची वाट वेगळीच असते. गॅस सिलिंडर विकायचा नसतो. कनेक्शन एजन्सीकडे जमा केलं की अनामत परत मिळते. स्कूटी द्यायची तर फॉर्म 29 आणि 30 भरून नाव बदलून घ्यावं, नाहीतर पुढच्या अपघाताची नोटीस जुन्या मालकाच्या दारी येते. मोबाइल देताना आधी गुगल खातं काढावं, मग सगळं पुसून टाकावं. खातं तसंच राहिलं तर फोन जुन्या खात्याचा पासवर्ड मागत अडून बसू शकतो आणि घेणारा परत येतो. घरगुती वापराचं सामान विकून आलेल्या पैशावर भांडवली नफ्याचा कर लागत नाही, दागिन्यांना मात्र ही सवलत नाही.

सौदा ठरल्यावर उरतं ते उचलणं. दिवाण सुटा करायचा, स्क्रू एका पिशवीत बांधून त्यालाच अडकवायचे. कपाट जिन्यातून उतरतं का ते टेपने आधी मोजलेलं असावं. टेम्पोचं भाडं कोणाचं हेही फोनवरच ठरलेलं असावं. दारात टेम्पो उभा राहिल्यावर निघालेल्या या वादात ठरलेले सौदे मोडतात. सामान गेलं की जाहिरात त्याच दिवशी काढायची, नाहीतर "आहे का?" विचारणारे फोन आठवडाभर येत राहतात. एकदा हे सगळं निभावलेल्या बाईकडे पुढच्या बदलीच्या हंगामात शेजारणी येतात, कोणाचा पाळणा असतो, कोणाची घरगुती पिठाची गिरणी. फोटो ती काढते, भाव ती सांगते, आणि फोन नंबरही बहुतेक वेळा तिचाच जातो.